इम्युनिटी वाढवताय? जरा थांबा, बॉस!

गुळवेलीचा रस, अश्वगंधाच्या कॅप्सूल, बायोटिनच्या गमीज... ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये हल्ली हेच सापडतं. पण तुम्हाला ऑटोइम्यून आजार असेल, तर यातल्या बऱ्याच गोष्टींना 'नको, थँक्यू' म्हणायला शिकावं लागतं. केमिस्टकडच्या काही अगदी साध्या गोळ्यांनाही!

कुणी दोनदा शिंकलं की शेजारच्या डेस्कवरून निदान येतं, 'तुझी इम्युनिटी वीक आहे!' मग उपायांचा पाऊस. कुणी काढा सांगतं, कुणी आवळ्याचा ज्यूस, कुणी थेट ऑर्डर करून डबाच हातात ठेवतं. २०२० मध्ये कोविड आला, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा सुचवला, आणि 'इम्युनिटी' हा शब्द आपल्या घरात कायमचा राहायला आला. चहापासून कुकीजपर्यंत सगळ्यावर 'इम्युनिटी बूस्टर' छापलं गेलं. साथ ओसरली, पण तो शब्द काही गेला नाही.

या सगळ्या गर्दीत माझ्यासारख्यांची मात्र पंचाईत होते. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. २०२१ साली, चोविसाव्या वर्षी निदान झालं. सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत, टूथपेस्टचं झाकण उघडायला दहा मिनिटं लागायची. 'संधिवात? या वयात?' हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. तर सांगायचा मुद्दा असा, की माझी इम्युनिटी कमी नाहीये. ती जरा जास्तच उत्साही आहे, आणि चुकीच्या दिशेने धावतेय. आता अशा इम्युनिटीला 'बूस्ट' करून काय होणार, सांगा बरं?

वॉचमनचा घोळ

आपली प्रतिकारशक्ती म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. बाहेरून कुणी भलता माणूस आला की त्याला अडवायचं, हे त्याचं काम. ऑटोइम्यून आजारात हा वॉचमन सोसायटीतल्या रहिवाशांनाच चोर समजून काठी उगारतो. सांध्यांवर उगारली तर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, थायरॉइडवर उगारली तर हाशिमोटो (१९१२ साली हा आजार मांडणाऱ्या हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरचं नाव), आतड्यांवर उगारली तर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, त्वचेवर सोरायसिस नाहीतर कोड. आणि ल्युपस झाला तर त्वचा, सांधे, किडनी, कुणाचीच खैर नाही. ल्युपसच्या दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक तरुण. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या.

डॉक्टर आपल्याला जी औषधं देतात, त्यांचं काम असतं या वॉचमनला जरा शांत बसवणं. मेथोट्रेक्सेट, अॅझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन ही नावं तुम्ही ऐकली असतील. आता गंमत बघा. सकाळी आपण वॉचमनला खुर्चीत बसवणारी गोळी घ्यायची आणि संध्याकाळी त्यालाच नवीन काठी आणून द्यायची! शिवाय वनस्पतींमध्ये खरीखुरी रसायनं असतात. ती लिव्हरमधूनच जातात, आणि आपल्या गोळ्याही तिथूनच जातात. म्हणजे धोके दोन. एक, आजार उफाळण्याचा. दुसरा, औषधांची आपसात मारामारी होण्याचा.

अंगणातली गुळवेल

सुरुवात आपल्या लाडक्या गुळवेलीपासून. कोविडच्या काळात तिचा रस, काढा, गोळ्या लोकांनी महिनोन्‌महिने घेतल्या. मुंबईतल्या लिव्हर स्पेशालिस्टांच्या एका गटाला सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत लिव्हरला इजा झालेले असे सहा रुग्ण दिसले, ज्यांच्यात गुळवेल हा समान धागा होता. २०२१ मध्ये त्यांनी ते 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने जोरदार आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असेल, असं मंत्रालयाचं म्हणणं. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास 'हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स'मध्ये आला. त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. आणि लिव्हरला झालेली इजा ऑटोइम्यून प्रकारची दिसत होती. ज्यांच्या शरीरात हा आजार गुपचूप दबा धरून बसलेला असतो, त्यांच्यात गुळवेल तो उघड्यावर आणू शकते, असा निष्कर्ष त्या डॉक्टरांनी काढला.

याचा अर्थ गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला कावीळ होते असा नाही. लाखो लोकांनी घेतली, त्यातल्या बहुतेकांना काहीही झालं नाही. पण आपण ऑटोइम्यूनवाले त्या 'बहुतेकां'त बसतो का, हा खरा प्रश्न आहे. आधीच मेथोट्रेक्सेटमुळे दर काही महिन्यांनी लिव्हरची टेस्ट करावी लागते. त्यात ही रिस्क कशाला?

जिमच्या बॅगेतले डबे

अश्वगंधा सध्या सॉलिड फॉर्मात आहे. झोप येत नाही, अश्वगंधा घे. बॉसने झापलं, अश्वगंधा घे. मसल्स हवेत, तरीही तेच. पण थायरॉइडच्या मंडळींनी इकडे नीट कान द्या. अश्वगंधामुळे थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं. तुम्ही आधीच थायरॉक्सिनची गोळी घेत असाल, तर धडधड, घाम, हात थरथरणं सुरू होऊ शकतं आणि तुम्ही म्हणाल, 'डेडलाइनचं टेन्शन!' ऑटोइम्यून किंवा थायरॉइडचे आजार असलेल्यांनी अश्वगंधा टाळावी, असा सल्ला अमेरिकेची आरोग्य संशोधन संस्था एनआयएच देते. लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने तर थायरॉइड आणि लैंगिक हार्मोन्सवरच्या परिणामांच्या शंकेवरून २०२३ मध्ये तिच्यावर सरळ बंदीच घातली.

दुसरा हिरवा हिरो म्हणजे स्पिरुलिना. पौष्टिक, सेलिब्रिटींचं आवडतं वगैरे. २००४ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. स्पिरुलिनासारखं शेवाळ किंवा इकिनेशिया असलेली सप्लिमेंट्स घेतल्यावर त्यांचे त्वचेचे आणि स्नायूंचे ऑटोइम्यून आजार सुरू झाले किंवा उफाळले होते. तीन म्हणजे काही फार मोठा आकडा नव्हे. पण ज्या गोष्टीचा फायदा धडपणे सिद्ध झालेला नाही, तिच्यासाठी चवथा रुग्ण व्हायची हौस कुणाला आहे? इकिनेशिया ही परदेशी फुलांची वनस्पती. सर्दीवरच्या इम्पोर्टेड गोळ्या आणि हर्बल चहांत असते. कुणी फॉरेनहून आणून दिलं तर आधी लेबल वाचा.

वजन कमी करणाऱ्या 'फॅट बर्नर' कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा ग्रीन टीचा अर्क असतो. कपातला ग्रीन टी खुशाल प्या. अर्काची गोष्ट वेगळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की सप्लिमेंटमधून त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं, तर लिव्हरला त्रास झाल्याची लक्षणं दिसू शकतात.

हळदीचं काय?

हा प्रश्न येणारच होता! हळद सोडा असं कुणी मराठी घरात सांगून बघावं. तर मंडळी, भाजी-आमटीतली हळद, रात्रीचं हळददूध यात काही अडचण नाही. स्वयंपाकाच्या हळदीत करक्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ते शरीरात शोषलंही कमी जातं. कॅप्सूलमध्ये मात्र करक्युमिनचा गाळीव अर्क असतो, आणि तो जास्त शोषला जावा म्हणून मिरीतलं पायपरिन मिसळतात. हीच ती 'ॲडव्हान्स्ड फॉर्म्युला'वाली ट्रिक. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका जाळ्याने हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या १० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातला एक दगावला. दहापैकी सातजणांमध्ये एक विशिष्ट जनुक सापडलं, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नसतो. पण आपल्यात ते जनुक आहे की नाही, हे कोण तपासून ठेवतं?

लसणीचंही तसंच. चटणी, फोडणी चालू द्या. वासरहित 'गार्लिक पर्ल्स' रोज खायच्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच.

आणि एक चारा! हो, चाराच. आपल्याकडे जनावरांना लसूणघास घालतात ना, तीच इंग्रजीत अल्फाल्फा म्हणून सॅलडमध्ये मोड येऊन बसते आणि भूक वाढवणाऱ्या टॉनिकच्या बाटलीतही शिरते. तिच्या बियांत आणि मोडांत एल-कॅनाव्हॅनिन नावाचं ॲमिनो ॲसिड असतं. १९८२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. अल्फाल्फाचे मोड खाऊ घातलेल्या माकडांमध्ये ल्युपससारखा आजार दिसला होता. अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्सचं ल्युपस सेंटर आजही रुग्णांना अल्फाल्फाचे मोड टाळायला सांगतं. आपली मटकी-मुगाची उसळ या यादीत नाही, तेव्हा घाबरू नका.

केसांसाठी बायोटिन, रिपोर्टची वाट

ऑटोइम्यून आजारात केस गळतात. मग पहिली खरेदी बायोटिनची. बायोटिन तसं बिचारं निरुपद्रवी आहे, पण ते लॅबला चकवतं. माणसाची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. बाजारातल्या गोळ्यांत १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत असतं. एवढं बायोटिन रक्तात असलं, की काही पद्धतींच्या थायरॉइड टेस्टमध्ये टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त दिसतो. म्हणजे थायरॉइड कमी पडणाऱ्या मुलीचा रिपोर्ट थायरॉइड जास्त असल्यासारखा येतो, आणि गोळीचा डोस उगाच कमी होतो! अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. थायरॉइडची टेस्ट करायच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन थांबवा, आणि लॅबवाल्याला सांगा.

हाशिमोटोवाल्यांसाठी आणखी एक सूचना. 'थायरॉइड सपोर्ट' नावाच्या गोळ्यांमध्ये केल्प नावाचं समुद्री शेवाळ असतं. त्यात आयोडीन भरपूर. जास्तीच्या आयोडीनने हाशिमोटो बिघडू शकतो. मिठातून मिळतं तेवढं पुरे.

आता ॲलोपथीचा नंबर

इथपर्यंत वाचून काही वैद्यप्रेमी माझ्यावर चिडले असतील. थांबा, न्याय सगळ्यांना सारखा!

गेल्या पावसाळ्यात मला युरिन इन्फेक्शन झालं. ऑफिसजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरांनी ताप विचारला, ॲलर्जी विचारली आणि चिठ्ठीवर सल्फाची एक जुनी, स्वस्त, नेहमीची गोळी लिहिली. मी म्हटलं, "डॉक्टर, मी दर रविवारी मेथोट्रेक्सेट घेते." त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कधीपासून?" "चार वर्षं." चिठ्ठी फाटली, दुसरी लिहिली गेली. मग ते म्हणाले, "बरं झालं बोललात." बाहेर रिमझिम पाऊस पडत होता, आणि माझे पाय मात्र चांगलेच थरथरत होते.

का, ते सांगते. त्या गोळीत ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल असतं. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणतं, आणि ही गोळीही तेच करते. शिवाय मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायला उशीर होतो. दोघांनी मिळून बोन मॅरोवर हल्ला केला, की पांढऱ्या पेशी धडाधड कोसळतात. यात माणसं दगावलेली आहेत. ल्युपसवाल्यांना तर मेथोट्रेक्सेट नसलं तरी सल्फाची ही गोळी टाळायला सांगतात, कारण त्यांच्यात ॲलर्जी आणि आजार उफाळणं, दोन्ही जास्त दिसतं.

अशाच आणखी काही ओळखीच्या गोळ्या...

पेनकिलर : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपण चॉकलेटसारख्या खातो. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्समध्ये यांनी आजार भडकू शकतो. ल्युपसने किडनीला हात घातला असेल, तर या गोळ्या किडनीचं आणखी नुकसान करतात. मेथोट्रेक्सेटबरोबर डॉक्टर स्वतः देतात तेव्हा किडनीच्या टेस्ट बघून देतात. आपण आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. तापाला, डोकेदुखीला पॅरासिटामॉल बरी, तीही मर्यादेत. ब्रँड बघू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. एकाच गोळीत दोन पेनकिलर असतात कधीकधी.

जुलाबाच्या गोळ्या : अमिताभ बच्चन यांनी आपल्या मायस्थेनिया ग्रेव्हिसबद्दल जाहीरपणे सांगितलेलं आहे. या आजारात प्रतिकारशक्ती नस आणि स्नायू यांच्यातला निरोपच तोडते. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही बाहेरचं खाऊन पोट बिघडल्यावर हमखास मिळणारी अँटिबायोटिक्स अशा रुग्णाचा अशक्तपणा एकदम वाढवू शकतात, श्वास घेणंही अवघड होऊ शकतं. एफडीएने २०११ मध्ये या गटाच्या औषधांवर त्याबद्दलचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ॲझिथ्रोमायसिनच्या बाबतीतही या मंडळींनी जपून.

पिंपल्सची गोळी : मिनोसायक्लिन. महिनोन्‌महिने घेतली तर काही जणांना औषधामुळे होणारा ल्युपस किंवा ऑटोइम्यून हिपॅटायटिस होतो. घेताना सांधे दुखायला लागले तर स्किन स्पेशालिस्टला सांगा.

गर्भनिरोधक गोळ्या : ल्युपसबरोबर रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज असतील, तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. दुसरे पर्याय आहेत, गायनॅकशी मोकळेपणाने बोला. आणि मूल हवं असेल तर आधीच बोला. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाहीत, काही काळ आधीच बंद करावी लागतात.

लस : प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत विषाणूंच्या लशी सहसा देत नाहीत. ऑनसाइटसाठी आफ्रिकेत जायचंय आणि यलो फीव्हरची लस लागतेय? तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना गाठा. फ्लूचं इंजेक्शन मात्र चालतं, उलट घ्यायलाच सांगतात.

न जमणाऱ्या जोड्या

काही गोष्टी एकेकट्या ठीक असतात, एकत्र आल्या की भांडतात. घरोघरी असतात ना तशा नणंद-भावजया! थायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी : मध्ये चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉक्सिन वाया. ती गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची. चहा-कॉफी अर्ध्या-पाऊण तासाने. प्रेडनिसोलोन आणि ज्येष्ठमध : खोकल्याला एखादी कांडी चघळली तर ठीक, पण रोज काढा घेतलात तर स्टेरॉइड शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, पोटॅशियम घसरतं, बीपी चढतं. अॅझाथायोप्रिन आणि युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल : ही जोडी बोन मॅरोला घातक, डॉक्टरांनी डोस मुद्दाम बदलून दिल्याशिवाय नकोच. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आणि ग्रेपफ्रूटचा ज्यूस : औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आणि मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज नाही! रोज घेतल्याने जगभर लोकांचे जीव गेलेत. मोबाइलमध्ये वार लावून ठेवा. व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुडीचंही तसंच, ती आठवड्याची असते. फ्रायडे नाइटच्या ड्रिंकबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण बिल लिव्हरच भरतं.

पुडीतली जादू

'आमच्याकडे एक वैद्य आहेत, पुडी देतात, चार दिवसांत सांधे मोकळे!' अशी पुडी मिळाली की मला आधी शंका येते. चार दिवसांत सूज उतरवणारं एक औषध मलाही माहीत आहे. त्याचं नाव स्टेरॉइड. २०२२ मध्ये एफडीएने सांधेदुखीवरच्या 'आर्टरी किंग' नावाच्या 'हर्बल' सप्लिमेंटबद्दल इशारे दिले. त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक सापडलं होतं, लेबलवर दोन्हीचा पत्ता नव्हता. असं काही महिनाभर घेऊन एकदम थांबवलं, तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सुस्तावलेलं असतं आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून असली पुडी चालू असेल तर गुपचूप बंदही करू नका, पुडीसकट डॉक्टरांकडे जा.

जड धातूंची भानगड वेगळीच. २००४ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात एक पाहणी आली. बोस्टन परिसरातल्या भारतीय-पाकिस्तानी वाणसामानाच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं आणून तपासली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तेव्हा अमेरिकेतल्या दादा-वहिनींना बॅगेतून चूर्ण पाठवताना हा आकडा आठवा. सगळेच वैद्य असे नसतात, हेही तितकंच खरं. शिकलेला, नोंदणीकृत वैद्य चिठ्ठीवर घटकांची नावं लिहून देतो आणि तुमच्या चालू गोळ्यांबद्दल विचारतो. जो दोन्ही करत नाही, त्याला लांबूनच नमस्कार.

नाही कसं म्हणायचं?

खरी अडचण मेडिकल नाहीच. ती प्रेमाची आहे. माझी मावशी दर दिवाळीला एक बाटली घेऊन येते. "अगं, नैसर्गिक आहे, काही होत नाही. घेऊन तर बघ." तिने ती रांगेत उभं राहून आणलेली असते. मी नको म्हटलं की तिच्या डोळ्यांत 'आमचं काही पटतच नाही तुम्हाला' असं दिसतं. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो, अभ्यासांची नावं फेकून तर मुळीच नाही.

गेल्या दिवाळीत मी तिला माझा लिव्हरचा रिपोर्ट दाखवला. म्हटलं, "मावशी, हे बघ, हे आकडे दर तीन महिन्यांनी असेच यायला हवेत. वाढले तर माझी गोळी बंद होईल, आणि गोळी बंद झाली तर माझी बोटं पुन्हा वळायची बंद होतील. तू दिलंस म्हणून मी घेतलं आणि आकडे वाढले, तर तुलाच किती वाईट वाटेल?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तुला चालेल असं काय आणू?" मी म्हटलं, "तुझ्या हातचे बेसनाचे लाडू." त्या डब्याला कुठल्याही डॉक्टरने अजून मनाई केलेली नाही!

ऑफिसमध्ये तर आणखी सोपं आहे. "माझी इम्युनिटी आधीच ओव्हरटाइम करतेय, तिला बोनस नको," एवढं म्हटलं की लोक हसतात आणि विषय बदलतो. जो हसत नाही, त्याला खरंच समजून घ्यायचं असतं. त्याच्यासोबत कटिंग घ्या आणि नीट सांगा.

पर्समध्ये ठेवा, मोबाइलमध्येही

• एक छोटं कार्ड : आजाराचं नाव, चालू गोळ्यांची नावं आणि डोस, ॲलर्जी, आपल्या डॉक्टरांचा नंबर. डेंटिस्टपासून ब्युटी क्लिनिकपर्यंत सगळीकडे दाखवा.

• नवीन काहीही घेण्याआधी तीन प्रश्न : यात नेमकं काय आहे? माझ्या गोळ्यांशी जमतं का? कशासाठी आणि किती दिवस घ्यायचं?

• डबा उलटा करून वाचा. आपल्याकडच्या हेल्थ सप्लिमेंटवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापावी लागते. जाहिरात मोठ्या अक्षरात, ती ओळ बारीक.

• डॉक्टरांकडे जाताना घरातले सगळे डबे-बाटल्या एका पिशवीत घालून न्या. काढा, तेल, गमीज, प्रोटीन पावडर, सगळं. 'हे काय औषध थोडंच आहे' असं म्हणून काही मागे ठेवू नका.

• डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगभर खाज, सतत मळमळ, न उतरणारा ताप, तोंडात फोड, हिरड्यांतून रक्त, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास : त्याच दिवशी डॉक्टर. 'वीकेंडला बघू' नाही.

• चालू गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. 'हर्बल सुरू केलं, आता ॲलोपथी सोड' असं सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकायचं नाही.

• औषधाचा त्रास झाला तर भारत सरकारच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या हेल्पलाइनवर कळवता येतं : १८००-१८०-३०२४. फोन फुकट आहे. तुमच्या एका नोंदीने दुसऱ्या कुणाचं तरी लिव्हर वाचू शकतं.

ऑटोइम्यून आजार घेऊन मस्त जगता येतं. नोकरी, ट्रेक, लग्न, लेट नाइट मूव्ही, सगळं होतं. माझी बोटं हल्ली इतकी सुधारली आहेत, की हा अख्खा लेख मी एका बैठकीत टाइप केला. त्याचं श्रेय आठवड्याच्या एका गोळीला, वेळेवर केलेल्या टेस्टना, आणि न उघडलेल्या बऱ्याच डब्यांना. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'इम्युनिटी बूस्टर' हातात ठेवला, तर छान हसा, थँक्यू म्हणा... आणि झाकण उघडायच्या आधी डबा उलटा करा!